टाकी दिसते का

"टाकी दिसते का, काका?" रेडिओवर वैमानिक वाल्तेरने तिसऱ्यांदा विचारलं.

सिप्रियानोने खिडकीतून पाहिलं. धावपट्टीपलीकडे दीड किलोमीटरवर गावाची पाण्याची टाकी होती. ती दिसली तर सांता क्रूस शहरातून विमान यायचं, नाहीतर नाही. हवामानाचा निरीक्षक म्हणून बावीस वर्षं तो दर तासाला वहीत हेच लिहीत आला होता. आजही सवयीने हाताने 'दिसते' लिहून टाकलं होतं.

समोर मात्र नुसता पिवळट धूर होता. रानं पेटून चाळीस दिवस झाले होते. रस्ता आगीने बंद, म्हणून बसही बंद. त्याची बायको रोसाउरा आकाशगंगा पाहायला येणाऱ्यांना दोन खोल्या भाड्याने द्यायची. यंदा आकाशात चांदणी दिसेना, तेव्हा पाहुण्यांनीही पाठ फिरवली. तरी ही बाई ऐकेल तर शपथ. चादरींचा धुराचा वास जात नाही म्हणून रोज अंगणात बसून त्याच पुन्हा धुवायची. शेवटी छाती भरली. संध्याकाळच्या आत शहरात हलवा, इथल्या दवाखान्यातला ऑक्सिजन संपत आलाय, असं डॉक्टरने सकाळीच सांगितलं होतं.

लेक निल्दा दारात उभी होती. "बाबा, दिसते म्हणा ना. वाल्तेर उतरवेल कसंही."

"उतरवायला जाईल, तीच भीती आहे."

"आईपेक्षा टाकी मोठी झाली का तुम्हाला?"

सिप्रियानोने पेन उचललं. वहीतला शब्द एका रेघेने खोडला, शेजारी सही केली आणि रेडिओचं बटण दाबलं.

"नाही दिसत."

निल्दा दवाखान्याकडे निघून गेली. आपल्याला रडू यायला हवं, असं त्याला वाटलं. आलं नाही.

चारला वारा फिरला आणि टाकी दिसली. त्याने लगेच कळवलं. विमान तिथून निघणार, तोच निल्दाचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "राहू द्या आता, बाबा."

त्याने वाल्तेरला सांगितलं.

"काका, तुम्ही दिसते म्हणाला असतात, तर मी आलो असतो."

"माहीत आहे," सिप्रियानो म्हणाला.

आज आता कुणी उतरणार नव्हतं. तरी तो पाच वाजेपर्यंत खिडकीशी बसून राहिला. पाचची नोंद केली, टोपी घातली आणि दवाखान्याकडे चालू लागला.