मशीनचं कुंकू

धोंडप्पानं तेलात कालवलेलं कुंकू बोटावर घेतलं आणि मशीनच्या पाट्यावर, चाकावर, रोलरवर ठसठशीत पट्टे ओढले. कळंबच्या रस्त्यावरची ही सहकारी जिनिंग मिल बहात्तरच्या दुष्काळात बंद पडली, त्याला पाच वर्षं झाली होती. पगार थांबला, फिटर धोंडप्पा थांबला नव्हता. आठवड्याला तेल, खंडेनवमीला पूजा. गावानं त्याला केव्हाच वेड्यात काढलं होतं.

आज मात्र त्याला गुदगुल्या होत होत्या. पुण्याच्या सहकार खात्याचे साहेब मशीनचे फोटो बघून ठरवणार होते, मिल चालू करायची की भंगारात काढायची. चेअरमन नानासाहेब खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या मेहुण्याचं लातूरला भंगाराचं दुकान होतं. ते धोंडप्पालाही ठाऊक होतं, पण त्याचा भरवसा मशीनवर होता.

महारुद्र फोटोग्राफरनं कॅमेऱ्याला लावलेला डोळा काढला.

"मामा, फोटो काळा-पांढरा येतो. हे कुंकू..."

तो अडखळला. नानासाहेब त्याच्याकडं बघत होते.

"कुंकवाचं काय? पुसू का?"

"देवाचं कशाला पुसतो, धोंडप्पा?" नानासाहेब म्हणाले. "अजून लाव. रोलरवर लई कमी झालंय."

चेअरमनच्या तोंडून असं ऐकून धोंडप्पा हरखला. त्यानं अख्खी पुडी रिकामी केली. महारुद्रनं खाली मान घालून फोटो काढले.

महिन्यानं नानासाहेबांनी धोंडप्पाला बोलावून फोटो दाखवला. कुंकू होतं तिथं काळे, पसरट डाग उमटले होते. मशीन आरपार सडल्यासारखं दिसत होतं.

"साहेब म्हणतात, गंजानं खाल्लं. भंगारात काढा."

"गंज न्हाय ह्यो! कुंकू हाय. तुमच्यासमोर लावलं व्हतं म्या."

"मला म्हाईत हाय की," नानासाहेब शांतपणे म्हणाले. "साहेबांना कुठं म्हाईत हाय?"

धोंडप्पाला त्यांचा गळा धरावासा वाटला. त्यानं फोटो तेवढा नीट उलटा करून टेबलावर ठेवला.

"सोमवारी खोलायचंय," नानासाहेब पुढं म्हणाले. "तू ये. दुसऱ्यानं हात लावला तर मोडतोड करील."

तो जाणार नव्हता. बायकोला, शिवकांताला, त्यानं तसं सांगितलंही. पण सोमवारी पाना घेऊन तो सगळ्यांच्या आधी हजर होता.

लातूरची माणसं घण आणि रॉकेलचा डबा घेऊन आली. गंजलेले नट सुटायला दिवस जाईल, असा त्यांचा हिशेब होता. धोंडप्पानं पहिल्या नटाला पाना लावून एक आटा फिरवला. मग तो नट दोन बोटांनीच निघाला.

"पाच वर्षं बंद हाय म्हणले व्हते," घणवाला म्हणाला. "ह्याला तर ताजं तेल हाय."

"काल सांजच्याला घातलं," धोंडप्पा म्हणाला आणि त्यानं दुसऱ्या नटाला पाना लावला.