पार्वताचे चौदा

नवेगाव बांधाच्या तळ्यात मी एकदा एक मरळ पाहिली. तिच्या पोटातून बैलगाडीचं चाक निघालं आणि चाकाला वंगण अजून ताजं होतं. ही गोष्ट आमच्या कामठा गावात सगळ्यांना पाठ आहे आणि तिच्याबद्दल आजवर कोणाची तक्रार नाही. चाळीस वर्षं मी असलंच काहीबाही सांगत आलो. त्यात एकच खोटं वाईट निघालं.

दोन वर्षांपूर्वी खुशालची बायको, पार्वताबाई, गोंदियाला दवाखान्यात होती. खुशाल माझा शाळेपासूनचा दोस्त. तीन दिवस तो तिच्या पलंगाजवळच्या स्टुलावरून हलला नव्हता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आजचा दिवस निघणं कठीण आहे, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा. मी आत आलो, खुशालचे डोळे पाहिले, आणि तोंडातून निघून गेलं, "दोन दिवसांत सुट्टी देतात म्हणे. घरी जाऊन आंघोळ करून ये गा."

तो सकाळच्या बसनं गावाला गेला. दुपारी चारच्या आत पार्वताबाई गेली. डॉक्टरच तसं बोलले होते, असं मी त्याला सांगितलं. पुढेही तेच सांगत राहिलो. हे त्याला कळलं तर पन्नास वर्षांची दोस्ती एका दिवसात जाईल, एवढं मला ठाऊक होतं.

त्याची मुलगी मोनाली पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते. बाप दिवसदिवस तोंड उघडेना, म्हणून तिनं एक खेळ आणला. त्यात एक जण मास्टर. तो सांगतो, समोर जंगल आहे, किल्ला आहे, राक्षस जेवायला बसला आहे. बाकीचे एकेक सोंग घेतात आणि आपण काय करतो ते बोलतात. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो.

"मास्टर तुम्ही व्हा काका," मोनाली म्हणाली. "तुमच्याइतकं खोटं गावात कोणाले जमते?"

मग तिनं मला शिकवलं. वाटेत जो भेटेल, त्याला काहीतरी हवं असलं पाहिजे, राक्षसालासुद्धा. एकच रस्ता ठेवायचा नाही, तीन ठेवायचे. पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा तिनं घड्या घालून माझ्यासमोर उभा केला.

"याच्या मागं तुमचा नकाशा आणि तुमचा फासा. दडलेलं संकट आलं की फासा तुम्हीच टाकायचा. दहा किंवा वर, तर माणूस वाचला. खाली, तर मेला. गोष्ट अगदीच बुडत असली तर काही मास्टर आकडा बदलून सांगतात. पण खेळणाऱ्याले समजलं, का खेळ खतम."

हे तिनं नेमकं मला सांगावं!

पहिल्या रविवारी दुपारी आम्ही खुशालच्या छपरीत बसलो. मोबाइल दुरुस्त करणारा रोशन चोर झाला आणि त्यानं आल्याआल्या राक्षसाच्या चपला पळवल्या. खुशालला मी विचारलं, "तुझं नाव काय?"

"पार्वता," तो म्हणाला. "जडीबुटीवाली."

मोनालीची पेन्सिल थांबली. पण तिनं नाव चिठ्ठीवर लिहिलं.

आणि खुशाल बोलू लागला. पार्वताला पाण्याचं भेव वाटते. पार्वता पदराच्या गाठीत मीठ बांधून निघते. पार्वता राक्षसाला विचारते, जेवणात तिखट कमी झालं काय? राक्षस मी होतो. मी हो म्हटलं. खुशाल हसला, पार्वताबाई गेल्यापासून पहिल्यांदा.

त्याच दुपारी पार्वताच्या पायाखालचा पूल तुटला. पुठ्ठ्यामागे फासा टाकला, दोन पडले. मी म्हणालो, "चौदा."

पुढच्या रविवारी नाग निघाला. पाच पडले. "चौदा." मग दर रविवारी तेच.

रोशन तेवढ्यात दोनदा मेला. "मास्टर, मलेच कायले मारून राहिले?" असं कुरकुरत त्यानं तिसरं सोंग घेतलं.

सातव्या रविवारी मी तळं आणलं, आणि तळ्यात माझी मरळ. पार्वता डोंग्यात बसली. मरळीनं डोंग्याखालून पाठ उचलली. मी फासा टाकला आणि पाहतो तर काय, चौदा! खरे चौदा. मला इतका आनंद झाला, की मी ओरडलोच, "चौदा!"

"सातव्यांदा चौदा, शालीक," खुशाल म्हणाला.

"या वेळी खरंच हायेत ना गा!"

त्यानं हात लांब करून पुठ्ठा उचलला. पुठ्ठ्याची कड फाशाला लागली. फासा घरंगळला, नकाशाच्या टोकाशी थांबला.

"तीन," रोशन हळूच म्हणाला.

"अबे, धक्का लागला त्याले! आईची शपथ, चौदाच होते."

खुशाल माझ्याकडे पाहत होता. "दवाखान्यातही चौदाच पडले होते काय बे?"

माझ्या तोंडात एका वेळी दहा गोष्टी तयार असतात. त्या सगळ्या मी बाजूला ठेवल्या. मोनाली बापाकडे पाहीना, माझ्याकडेच पाहत होती.

"नाई गा," मी म्हणालो. "तीनच पडले होते. डॉक्टरनं मले सकाळीच सांगतलं होतं."

"मंग सांग."

"काय सांगू?"

"मास्टर होय ना तू? कशी गेली ते सांग. आता मी इथं आहो."

मी सांगितलं. चारला दहा मिनिटं कमी होती. तिनं पाणी मागितलं, दोन चमचे प्याली. दाराकडे पाहून विचारलं, ते आले काय?

"तू काय म्हणला?"

"रस्त्यात आहे म्हणलो."

खुशालनं पार्वता लिहिलेली चिठ्ठी उचलली, तिची घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग पुठ्ठा माझ्या हातात दिला, पाहुण्याला छत्री द्यावी तसा.

"जा आता."

त्याला चार महिने झाले. खुशाल रस्त्यात भेटला तर बाजूनं निघून जातो. रोशनच्या दुकानात पोरं जमतात, मरळीची गोष्ट सांगा म्हणतात. मी सांगतो. चाकाच्या वंगणापर्यंत आलो की सगळे माना हलवतात, हो हो, असेल.

ते चौदा खरे होते. हे रोशनला एकदा सांगून पाहिलं. तो खूप वेळ हसला.