दोन्या एलविरांचा बंब

रोसारिओतला आमचा दवाखाना बुडवून मालक पळाला, तेव्हापासून तो आम्हा कामगारांचाच. सर्जन असो नाहीतर धुणं धुणारी, सभेत प्रत्येकाला एकच मत. मी नोर्मा, कॉम्प्युटर सांभाळते. तोंडाची फटकळ, त्यामुळे माझी पाळी आली की लोक आधीच हसायला लागतात.

त्या वर्षी आमचा पेसो डॉलरसमोर रोज गडगडत होता, तिजोरीत खडखडाट. जेमतेम एकाच गोष्टीपुरते पैसे होते. एक तर धुलाईखोलीतला मोडका बंब बदलायचा, नाहीतर कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं कंत्राट टिकवायचं, तेही डॉलर मोजून.

"उद्या कोणी हल्ला करून सगळं कुलूपबंद केलं ना," मी म्हणाले, "तर कुठल्या पेशंटला कुठलं औषध चालू आहे तेही कळणार नाही. पेशंट दुसरीकडे जातील. मग बसा दाराला टाळं लावून!"

"अगं, आपल्याकडे चोरायला आहे काय?" डॉक्टर बस्सानी म्हणाले. "माझे जुने बूट?"

सगळे खो खो हसले. माझं डोकं असं सणकलं!

तेवढ्यात मागून एक हात वर झाला. दोन्या एलविरांचा, म्हणजे आमच्या एलविराबाईंचा. धुलाईखोली त्यांची. जुलैत आमच्याकडे ऐन थंडी, तेव्हा गरम पाण्याची गरज सगळ्यात जास्त त्यांनाच.

"माझं मत नोर्माला."

"दोन्या, ती काय बोलली ते कळलं तरी का?" बस्सानींनी चिडवलं.

"ओ की ठो कळलं नाही. ऑपरेशनच्या चादरींना मी वेगळं मशीन मागितलं, तेव्हा हिला तरी कुठे कळलं होतं? 'बाई रोज तेच करते, तिला ठाऊक असणार,' म्हणाली आणि हात वर केला. आता माझी पाळी."

मग एकेक हात वर गेला. शेवटी बस्सानींचाही, कुरकुरत.

ऑगस्टमधल्या एका सकाळी कॉम्प्युटरचे सगळे पडदे काळे, वर खंडणीची धमकी. पण कंत्राटामुळे सगळ्या नोंदींची एक प्रत दूर, त्या चोरांचा हात पोचणार नाही अशा जागी होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं पूर्ववत झालं. एकही पेशंट गेला नाही.

"वाचवलंस गं बाई!" म्हणत बस्सानींनी मला पेस्ट्रीचा खोका दिला. तो घेऊन मी तडक धुलाईखोलीत गेले. दोन्या गार पाण्यात कपडे खळबळत होत्या. बोटं लालभडक, सुजून भेगाळलेली. खोका बाजूला ठेवून मी ते हात धरले आणि चक्क रडले.

"दोन्या, तुमचे उपकार कसे फेडू हो?"

"आधी हात सोड. मला खायचंय."

पुढच्या सभेत पहिला विषय बंबाचा निघाला. मी दोन्ही हात वर केले.

"नोर्मा, मत एकच!" बस्सानी ओरडले.

"माहीत आहे," मी म्हणाले, पण एकही हात खाली घेतला नाही. बस्सानींनी मागे वळून दोन्यांच्या बोटांकडे पाहिलं. मग हळूच आपलेही दोन्ही हात वर केले.