पुसू नये

मी आठव्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीतला पांढरा फळा बोलतोय. काल जे पाहिलं, त्यानं अजून सुन्न आहे. भिंतीत चार स्क्रू नसते तर पडलोच असतो.

इंटरनेटवर लोकांना हवं ते शोधून देणारी आमची कंपनी अवाढव्य. माणसं हजारो, हुशारीला तोटा नाही. रोज माझ्यावर चौकोन, बाण काढायचे आणि संध्याकाळी पुसायचे. मला बापड्याला वाटायचं, काम झालं म्हणून पुसतात.

चार वर्षांपूर्वी चष्मेवाली इंजिनिअर आली. तिनं माझ्या डाव्या कोपऱ्यात एका यंत्राचा आराखडा काढला. माणसानं काहीही विचारावं, यंत्रानं सरळ उत्तर द्यावं. खाली लिहिलं, 'पुसू नये'.

मोठे साहेब हसले. "अगं, लोक उत्तर शोधत दहा पानं हिंडतात, म्हणून आपल्या जाहिराती बघतात. सरळ उत्तर मिळालं तर हिंडणार कोण? आणि यंत्र चुकलं तर नाव आपलं जाईल."

"आपण नाही केलं तर दुसरं कोणी करेल, साहेब."

"आपल्याइतके संगणक आहेत कुणाकडे?"

मग समिती बसली. तिच्यावर दुसरी समिती. कायदेवाले, जाहिरातवाले, सगळा बारभाई कारभार. दर सोमवारी चष्मेवाली विचारायला यायची आणि कोपऱ्याकडे बघून परत जायची. एका सोमवारी आलीच नाही. सफाईच्या मावशी मात्र रोज तेवढा कोपरा सोडून मला पुसत राहिल्या.

काल सकाळी साहेब फोन हातात घेऊन धावत आले. एका गाळ्याएवढ्या ऑफिसातल्या वीस जणांनी तसंच यंत्र बाजारात आणलं होतं. फोनवरच्या फोटोत चष्मेवाली हसत होती. साहेबांनी फोटो पाहिला, मग मला पाहिलं. माझाही विश्वास बसेना. एवढ्या मोठ्या लोकांनी केलं नाही, म्हणजे होण्यासारखंच नसेल, असं मी धरून चाललो होतो.

"मावशी, आधी हे पुसा. दुपारी संचालक येताहेत."

मावशी जागच्या हलल्या नाहीत. "पुसू नये लिहिलंय, साहेब. चार वर्षं सांभाळलंय मी."

साहेबांनी स्वतः फडकं घेतलं. घासून घासून दमले. चार वर्षं मुरलेली शाई निघेना. शेवटी समोरच्या खुर्चीत बसले.

"आपल्याच भिंतीवर होतं हो, मावशी," एवढंच म्हणाले.

आज मला उतरवताहेत. जागी नवा फळा येईल. त्याच्याही कोपऱ्यात कोणी काही काढेल, तेव्हा साहेब, माझं एवढं ऐका. मावशींनी कोपरा सांभाळला. तुम्ही चष्मेवालीला सांभाळायला हवं होतं.