न झालेल्या लग्नाची फाईल

क्वेर्फेल्ड डचीचे ड्रेस्डेनमधले राजदूत, बॅरन लेबरेख्ट फॉन ड्रोस्टेनाउ यांचं लग्न चार एप्रिल १८६९, रविवारी झालं.

असं काहीही झालेलं नाही. वकिलातीच्या रोजनाम्यात त्या दिवशी 'आकाश ढगाळ, टपाल नाही' एवढीच नोंद आहे, आणि ती माझ्याच अक्षरात आहे. मी वकिलातीचा सचिव. नकलनीस आणि दरवानही मीच, त्यामुळे कचेरीत भांडणं कमी होतात.

लग्नात अडचण म्हणावी तर एकच होती. क्वेर्फेल्ड उरलं नव्हतं. सहासष्टच्या उन्हाळ्यातल्या लढाईत मोठ्या शेजाऱ्याने आमची डची, म्हणजे ड्यूकमहाराजांचं चिमुकलं राज्य, एका सकाळी गिळली. ड्यूकमहाराज त्याच आठवड्यात गेले. धक्क्याने नव्हे, आलुबुखारा भरलेला पिठाचा गोळा घशात अडकून. मूलबाळ नव्हतं. मंत्रालयाच्या इमारतीत आता घोड्यांचा दवाखाना आहे. या सगळ्या धांदलीत आमच्या साहेबांना परत बोलावण्याचं पत्र लिहायचं राहून गेलं. त्या पत्राशिवाय राजदूत जागा सोडत नाही आणि इथला दरबारही त्याचं नाव यादीतून काढत नाही. उलट, शहरात सगळ्यांत जुना राजदूत म्हणून नववर्षाच्या मुजऱ्याला साहेबच सर्वांत पुढे उभे राहतात. ज्यांच्याकडे तोफा आहेत, ते मागे.

आणि नियम चौदा सांगतो, की महाराजांच्या लेखी परवानगीशिवाय राजदूताने लग्न करू नये.

साहेबांनी विचारलं होतं ओटीलिये क्रेच्मार यांना. बाई विधवा, दरबारी कोटांवर जरीकाम करतात. त्या लगेच हो म्हणाल्या होत्या. याला चौदा महिने झाले. तेवढ्या काळात साहेबांनी परवानगीचे अकरा अर्ज धाडले. अकराही परत आले, पाकिटावर शेरा: 'असे खाते नाही'. एकावर मात्र उत्तर होतं: 'घोडा सोबत आणावा.'

ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी क्रेच्मारबाई दुरुस्त केलेला कोट आणि चक्क्याचा केक घेऊन आल्या. केक त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"साहेब, मुलीचं पत्र आलंय अमेरिकेतून, मिल्वॉकीहून. बोटीचं तिकीट धाडलंय तिने, सहा एप्रिलचं. म्हणते, इथे एकटी काय करतेस."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. "बारावा अर्ज तयार आहे. आजच जाईल."

"कुणाकडे?"

"महाराजांकडे."

"अहो, महाराजांना जाऊन तीन वर्षं होत आली."

"त्यांनी तसं कळवलेलं नाही."

बाई खुर्चीत बसल्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, शिक्का आपल्याच कपाटात आहे. परवानगी मी लिहितो. महाराजांची सही मला त्यांच्यापेक्षा बरी जमते."

"तुला आत्ता नोकरीवरून काढलं असतं," साहेब म्हणाले, "पण त्यालाही परवानगी लागते."

"अल्बिन," बाई मला म्हणाल्या, "जाण्याआधी तो अर्ज तरी बघू दे. माझ्यावर काय लिहिलंय ते कळू दे एकदा."

"गोपनीय आहे!" साहेब उठले. पण उठायला त्यांना वेळ लागतो, आणि मी तोवर अर्ज दिला होता.

बाईंनी तो खिडकीपाशी नेऊन मोठ्याने वाचला. "'अर्जदाराच्या दरबारी कोटाची डावी बाही दर हिवाळ्यात उसवते. ती आपोआप उसवत नाही. अर्जदार ती नखाने उसवतो. सदर बाई परगावी असल्यास बाही शाबूत राहते.'"

साहेब भिंतीवरच्या नकाशात आपला देश शोधू लागले.

"एकोणीस वर्षं," बाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षं मला वाटायचं, माझाच टाका कच्चा पडतोय. दोरा बदलला मी. सुई बदलली. आणि हे तुम्ही महाराजांना कळवता? बारा वेळा? मला एकदाही नाही?"

"तुम्ही वरिष्ठ नाही," साहेब नकाशाला म्हणाले.

बाईंनी डोळे पुसले, आणि माझ्याकडे वळल्या. "अल्बिन, तुमच्याकडे कागदाचं काम संपलं हे कसं कळतं?"

मी सांगितलं. आमच्या कचेरीत कागद टाचत नाहीत, शिवतात. काम संपलं की कागद फाईलमध्ये काळ्या-पिवळ्या दोऱ्याने शिवायचा. शिवलेला कागद निकाली. तो उसवणं हा गुन्हा, त्यात महाराजांनाही सूट नव्हती.

"फाईल दे."

मी दिली. बाईंनी कॉलरमधली सुई काढली. जरीचा सोनेरी दोरा तिच्यात होताच. बाराही अर्ज त्यांनी गुडघ्यावर नीट रचले आणि शिवायला घेतले. साहेब थांबवायला निघाले होते. पण सुई आत गेलेली पाहिल्यावर थांबले; अर्धवट शिवलेला कागद ही तर याहून मोठी अनियमितता. गाठ मारून बाईंनी दोरा दाताने तोडला आणि फाईल त्यांच्या हातात ठेवली.

साहेबांनी ती उलटी केली, सुलटी केली. "निकाली निघालं," ते हळूच म्हणाले.

"निकाल काय लागलाय?"

त्यांनी पानं शोधली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं. "नकार कुठेच दिसत नाही."

"टाका पक्का आहे का, बघा. लावा नख."

साहेबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नको, ओटीलिये," ते म्हणाले. "राहू दे तसाच."

एकोणीस वर्षांत साहेबांनी बाईंना नावाने हाक मारलेली मी तरी ऐकली नव्हती. मी केक कापायला घेतला.

बोट सहा तारखेला सुटली म्हणतात. आम्हाला चौकशी करायचं कारण पडलं नाही. राहता राहिला साहेबांनी काल सांगितलेला मजकूर. तो मी साफ अक्षरात लिहून टपालात टाकला आहे:

'सेवेशी, महाराज ड्यूक, क्वेर्फेल्ड. अर्ज क्रमांक तेरा. विनंती की, चार एप्रिल रोजी न झालेल्या विवाहास परवानगी मिळावी. आणि ती मागील तारखेपासून, म्हणजे दोन नोव्हेंबर १८५० पासून, लागू धरावी. त्या दिवशी बाही खरोखर आपोआप उसवली होती. फाईल सोनेरी दोऱ्याने शिवल्याबद्दल क्षमा असावी. उत्तर उलट टपाली अपेक्षित आहे. सोबत घोडा जोडलेला नाही.'