पांढऱ्याची पारख

नर्सने चिकटपट्टीचं टोक नखाने अलगद सोडवलं आणि म्हणाली, "लगेच डोळा ताणू नका. आधी खाली बघा."

फोरमननी खाली बघितलं. स्वतःचे गुडघे, त्यांवर ठेवलेले हात, हातांवरचे वयाचे डाग. एवढे डाग आपल्या हातांवर आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग त्यांनी मान वर केली. समोरची भिंत इतकी पांढरी होती की त्यांनी दचकून तोंड फिरवलं.

"दिसतंय ना नीट?" शेजारी उभ्या असलेल्या सुनेने विचारलं.

"यांनी भिंत कधी रंगवली?"

"रंगवली नाही हो, बाबा. कालही अशीच होती."

डॉक्टर हसले. हा प्रश्न त्यांना नवा नसावा. "मोतीबिंदू हळूहळू पिकतो, त्यामुळे माणसाला कळत नाही. पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं चाललेलं असतं. तुमचा तर चांगलाच जुना होता. डाव्या डोळ्याचं महिन्याभराने करू."

"जुना म्हणजे किती?"

"पाच-सहा वर्षं तरी."

गाडीत फोरमन एकदा एक डोळा झाकत, एकदा दुसरा. घरी आल्यावरही तेच. उशीचा अभ्रा उजव्या डोळ्याने पांढरा होता. डाव्या डोळ्याने बघितला की त्यावर चहा सांडून वाळल्यासारखा वाटे. टॉवेल, ताटली, दूध, सगळ्याचं तेच.

"नवीन खेळणं मिळालंय बाबांना," सून स्वयंपाकघरातून हसून म्हणाली.

त्यांनी हसल्यासारखं केलं, आपल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि कपाटाच्या खालच्या खणातून एक खाकी पाकीट काढलं. आत एकच फोटो होता. दोन बायका एक चादर घडी घालायला दोन्ही टोकांना धरून उभ्या आहेत, मधे चादर ताणलेली, मागे वाफ. निम्म्याहून अधिक फोटो म्हणजे नुसती ती चादर. फोटोच्या मागे पेन्सिलीने त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: पांढरा पिवळट. निळा वाढवा.

त्यांनी डावा डोळा झाकला. चादर पांढरी होती. मधे जिथे ती किंचित खाली झुकली होती तिथे एक फिकट राखी सावली होती, आणि त्या सावलीतही पिवळ्याचा मागमूस नव्हता.

फोरमन पलंगावर बसले. जेवायला हाक आली तरी उठले नाहीत.

चौतीस वर्षं त्यांनी छापखान्यात रंग जुळवले होते. मशीनमधून निघालेला पहिला कागद त्यांच्यासमोर यायचा आणि ते नुसती नजर टाकून "लाल कमी" किंवा "चालू द्या" म्हणायचे. त्यांचा शब्द खाली पडू दिला जात नसे. मालकसुद्धा गिऱ्हाइकाला सांगायचे, फोरमन हो म्हणाले म्हणजे विषय संपला. निवृत्तीनंतर त्यांनी कॅमेरा घेतला, ते वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरणाऱ्या फोटोवाल्यांच्या गटात जाऊ लागले आणि फोरमन हे नावही मागोमाग आलं. दर शनिवारी दुपारी दहा-बाराजण आपापले फोटो टेबलावर मांडायचे, एकमेकांना सुधारणा सुचवायचे, आणि शेवटी सगळे फोरमनच्या खुर्चीकडे बघायचे.

लॉन्ड्रीवाल्या ताई दोन वर्षांपूर्वी आल्या. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लॉन्ड्रीत त्या देखरेखीला होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी हाच फोटो आणला होता. फोरमननी तो हातात घेतला, खिडकीपाशी नेला आणि म्हणाले, "चादर पिवळी आलीय."

"पांढरीच आहे ती, साहेब."

"तुम्हाला रोज बघून सवय झालीय. आम्हाला दिसतंय ना."

ताईंनी पुढे होऊन फोटोच्या कडेला बोट ठेवलं. "ही कागदाची कड बघा. कड आणि चादर, दोन्ही सारख्याच पांढऱ्या आहेत."

"मग कागदच बदला," फोरमन म्हणाले. "आणि साबणही."

खोली खदखदून हसली. ताईही हसल्या. त्यांनी बोट मागे घेतलं आणि पदराला पुसलं, बोटाला काही लागलेलं नसताना. फोटो त्यांनी परत मागितला नाही. फोरमननी तो नमुना म्हणून ठेवून घेतला. नवीन माणूस आला की काय चुकतं हे दाखवायला बरा पडे. बऱ्याच जणांना त्यांनी तो दाखवला होता.

ते आठवून आता त्यांचे कान तापले. त्यांनी फोटो पाकिटात सरकवला.

शनिवारी काळा चष्मा लावून ते गेले. जिना चढताना वाक्य ठरवत होते: माझी एक चूक झाली आहे. खोलीत शिरताच सगळ्यांनी खुर्ची पुढे केली, ऑपरेशनची चौकशी केली. बसल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि टेबलाकडे बघितलं.

टेबलभर निळसर फोटो मांडले होते. माणसांचे चेहरे गारठल्यासारखे, दूध निळं, भिंती निळ्या. एकाचेच नाहीत, सगळ्यांचे. त्यांनी पाच-सहा वर्षं जे सांगितलं होतं ते सगळं तिथे ओळीने मांडलं होतं.

ताईंनी त्यांच्यासमोर आपला फोटो ठेवला. उन्हात वाळत घातलेल्या चादरी. साध्या माणसालाही कळेल इतक्या निळ्या.

"आता कसा आहे, साहेब?"

वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. फोरमननी चष्मा पुन्हा लावला.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले.

घरी येईपर्यंत त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत होता. दिसत नव्हतं तेव्हा बोललो ते एक वेळ सोडा. आज दिसत होतं. सोमवारी सकाळी डोळ्यात औषध घालून घेतलं, खाकी पाकीट काखेत मारलं आणि लॉन्ड्री गाठली.

ताई गरम इस्त्रीच्या रुळांतून बाहेर येणाऱ्या चादरी तपासत होत्या. प्रत्येक चादर दोन हातांवर घेऊन, एक क्षण बघून, कधी डावीकडे टाकत, कधी उजवीकडे. फोरमन थोडा वेळ नुसते उभे राहिले. कुठली चादर डावीकडे जाते आणि का, हे त्यांच्या ध्यानात येईना. नुसत्या उजव्या डोळ्याने बघितलं तरी येईना.

"अरे, साहेब? तुम्ही इकडे?" ताईंनी हात पुसले. "काय झालं?"

त्यांनी पाकीट पुढे केलं. "हा तुमचा फोटो. चादर पांढरीच होती."

ताईंनी पाकीट घेतलं, उघडलं नाही.

"माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. सहा वर्षं. मला सगळंच पिवळं दिसत होतं, आणि मी..." त्यांनी हाताने कुठेतरी वाचनालयाच्या दिशेने दाखवलं. "तुमचे सगळे फोटो मी बिघडवले. शनिवारी सांगणार होतो. धीर झाला नाही. उलट आणखी खोटं बोललो."

ताई त्यांना बाजूच्या बाकावर घेऊन गेल्या. बसल्या नाहीत, हात बांधून उभ्या राहिल्या.

"बिघडले नाहीत, साहेब. मी दोन काढायचे."

"दोन म्हणजे?"

"एक तुम्हाला दाखवायला, एक मला ठेवायला. तुमच्यासाठीचा निळा करायचा, बस. आता राग मानू नका, पण सगळेच तसं करतात. जिन्यावर आम्ही विचारायचो एकमेकांना, साहेबांचा कुठला आणि खरा कुठला म्हणून."

फोरमननी चष्मा काढून पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसत राहिले. म्हणजे पाच-सहा वर्षं आपण खुर्चीत बसून बोलत होतो आणि समोर बसलेली माणसं आजारी वडीलधाऱ्याची समजूत काढावी तशी मान हलवत होती.

"मग एकाने तरी सांगायचं."

"मी सांगितलं होतं," ताई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. चादरीवरचा डाग दाखवावा तसं त्यांनी ते दाखवलं. रुळांतून दोन चादरी येऊन एकमेकींवर पडल्या होत्या. एका बाईने तिकडून हाक मारली. ताई "आले" म्हणाल्या, पण हलल्या नाहीत.

"माझं काही गेलं नाही, साहेब. पोस्टमनचं मात्र गेलं. त्यांना दोन काढायचं सुचलं नाही. आम्हीही सांगितलं नाही, आम्हाला वाटलं कळेल त्यांचं त्यांना. त्यांनी तुमचं खरं मानलं."

पोस्टमन फोरमनना नीट आठवले. शांत माणूस. ज्या दारांत रोज टपाल टाकायचा त्या दारांचे फोटो काढायचा, बंद दारं, अर्धवट उघडी दारं. सात-आठ महिन्यांपूर्वी यायचा बंद झाला. कामाचा बोजा वाढला असेल, असं फोरमनच सगळ्यांना म्हणाले होते.

टपाल कार्यालय दोन गल्ल्या पलीकडे होतं. मागच्या खोलीत पोस्टमन उभे राहून पत्रं लावत होते. समोर लाकडी खणांची भिंत, हात आपोआप चाललेले. फोरमनना बघून ते लगबगीने पुढे आले, स्टूल पुसून दिलं.

फोरमन बसले नाहीत. बसलो तर पुन्हा बोलणं होणार नाही, असं त्यांना वाटलं. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, मोतीबिंदू, निळा रंग, शनिवारचं खोटंसुद्धा. यावेळी वाक्य आधी ठरवलं नव्हतं, त्यामुळे ते मधे मधे अडखळले.

पोस्टमननी हातातली पत्रं खाली ठेवली.

"म्हणजे माझ्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं?"

"तुमच्या डोळ्यांना?"

"तुम्हीच म्हणालात ना, डोळे दाखवून या एकदा म्हणून. मी गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत." पोस्टमन जरा ओशाळून हसले. "मी म्हटलं, डॉक्टरांना काय कळतंय फोटोतलं. साहेबांना दिसतंय ते मला दिसत नाही म्हणजे मुळात नजरच नाही. मग कॅमेरा पुतणीला देऊन टाकला. ती काढते छान."

असं काही म्हणाल्याचं फोरमनना आठवेना. त्यांनी पुष्कळ आठवून बघितलं. खोली हसली असेल, हेही त्यांना अंदाजानेच कळलं. त्यांनी टेबलाची कड धरली.

"मी तुमची माफी मागायला आलो," ते म्हणाले.

"असू द्या हो. आता नीट दिसतंय ना तुम्हाला? मग झालं." पोस्टमननी पत्रं उचलली. "दुसरा डोळा राहिलाय ना अजून?"

"पुढच्या महिन्यात."

"मग त्यानंतर बघा माझे फोटो. दोन्ही डोळ्यांनी."

पोस्टमन चेष्टा करतात की मनातलं बोलतात, हे फोरमनना कळलं नाही. कुठलंही असलं तरी त्यांना ते चालणार होतं.

"त्याआधी तुम्ही माझे बघा," ते म्हणाले. "काय वाटतं ते सांगा. मी मधे बोलणार नाही."

पोस्टमनचे हात पुन्हा चालू लागले. एक पत्र या खणात, एक त्या खणात. मग एका पाकिटापाशी हात थांबला. पाणी लागून शाई पसरली होती. त्यांनी ते उजेडात धरलं, डोळे बारीक केले, आणि फोरमनच्या पुढे केलं.

"हे काय लिहिलंय, बघा बरं."

फोरमननी पाकीट घेतलं. डावा डोळा झाकून बघितलं, पाकीट जवळ घेतलं, लांब धरलं. पहिलं अक्षर ओळखीचं वाटत होतं. अंदाज बांधता आला असता. एवढी वर्षं त्यांनी तो बांधला असता, आणि ठासून सांगितला असता.

"मला नाही लागत," ते म्हणाले.

"मलाही नाही," पोस्टमन म्हणाले, आणि पाकीट त्यांच्या हातून घेऊन त्यांनी टेबलावर वेगळं ठेवलं.