मला फुले वाहिली, उघडले नाही

मित्रांनो, मी एक जुनी ताडपत्राची पोथी आहे. बाली बेटावरच्या एका घराच्या देवळात मी पांढऱ्या-पिवळ्या कापडात गुंडाळलेली असते. माझ्यापुढे रोज धूप जळतो. पण माझा हेवा करू नका.

माझा जन्म रुस्ताच्या ओसरीवर झाला. त्याने ताडाची पाने उकळली, वाळवली, फळ्यांत दाबली आणि टोकदार सुरीने त्यांवर कविता कोरल्या. वर काजळी चोळली, तेव्हा अक्षरे काळीभोर उठली. बायको वारली त्या वर्षी त्याने शेवटच्या पानावर तिच्यासाठी चार ओळी कोरल्या.

कार्तिकी पौर्णिमेच्या दुपारी शेजारीपाजारी रुस्ताकडे जमत. प्रत्येकाने आपल्या आवडीचे कडवे गायचे आणि म्हाताऱ्या सुदियाने ओळीओळीचा अर्थ साध्या बोलीत सांगायचा, अशी रीत होती. गेलेल्या माणसासाठी त्या दिवशी गायले की ते त्याला पोचते, असे सारे मानत. रुस्ता दरवर्षी शेवटचेच पान काढी. माझ्यावर कॉफी सांडे, पोरे चिकट हातांनी मला चाळत, आणि मग रुस्ता गवती चहाचे तेल लावून मला पुसून ठेवी. तेच माझे सुखाचे दिवस होते.

रुस्ता गेला. पुढच्या कार्तिकात त्याच्या मुलाने, वार्साने, मला उघडले आणि दुसऱ्या दिवशी त्याचा पोरगा तापाने फणफणला. वार्साची पाचावर धारण बसली.

"पोथी कडक आहे. आजपासून कुणी हात लावायचा नाही!"

"पोरानं कच्चे आंबे खाल्ले आणि नाव पोथीचं!" धाकटी बहीण सुकर्ती म्हणाली. थोरल्या भावाला ती 'ब्ली' म्हणे. "ब्ली, आईचं कडवं मला अर्धंच येतं रे. एकदा तरी उघड ना!"

"मोठी शहाणी लागून गेलीस! उद्या घरात काही झालं तर तू निस्तरणार का?"

मला देवळात बसवून भावाने तिच्या तोंडाला पाने पुसली.

त्यानंतर दर सरस्वतीपूजेला माझ्यापुढे भात, फुले, फळे आली. माझ्यावर तीर्थ शिंपडले गेले. त्या तीर्थाने मला ओल धरली आणि ओलीमागून वाळवी आली. मी आतून पोखरली जात होते आणि बाहेर माझी आरास वाढत होती. मला त्या फुलांचा राग येई. कार्तिकात सारे पाठ असलेले गात; सुकर्तीवर गाण्याची वेळ आली की ती म्हणे, "माझं पुढच्या वर्षी." अर्धे कडवे आईला कसे पोचवायचे?

यंदा वार्साची बायको गेली. कार्तिकी पौर्णिमेला सगळे जमले, तेव्हा तो स्वतःच मला काढून घेऊन आला. वर्षानुवर्षे कुणाला हात लावू न देणारा तो माणूस बसला आणि गाठ सोडू लागला.

"बापानं आईसाठी लिहिलेलं कडवं आज मी हिच्यासाठी गाणार," तो म्हणाला.

गाठ सुटली. त्याच्या मांडीवर भुसा पडला. शेवटचे पान कुठेच नव्हते.

"सुकर्ते, तुला येत होतं ना गं ते?"

"अर्धं. सांगत होते ना तुला."

ती हळू सांगत गेली, तो मागोमाग गात गेला:

"चाफा वेचता वेचता टोपली इथेच ठेवून गेलीस,
संध्याकाळ झाली, घरभर अजून वास आहे..."

आता पार थकलेल्या सुदियाने अर्थ सांगितला; पुढच्या ओळी त्यालाही आठवेनात. "पुढं?"

वार्साने बहिणीकडे पाहिले. सुकर्तीने त्याच्या मांडीवरचा भुसा पदराने झटकला.

"पुढचं वाळवीला विचारा," ती म्हणाली.

मित्रांनो, मलाही विचारू नका. पान गेले, तशा त्या ओळी माझ्यातूनही गेल्या. वार्साने मला पुन्हा कापडात बांधले, यंदा नव्याकोऱ्या. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर फुले राहू द्या. आज तिला उघडा, चार ओळी मोठ्याने वाचा, आणि वाचताना हात मळलेले असले तरी चालतील.